डावी पाकळी

टेबलावर सोळा काचा होत्या. बारा सलूनवाल्याच्या, हातभर उंच, तीन अंडाकृती, आणि एक लहान चौकोनी, कोपऱ्याचा टवका उडालेली, सरावासाठी ठेवलेली. सगळ्या धुतलेल्या, सगळ्या कोरड्या. आणि प्रत्येकीवर श्वास सोडला की उजवीकडे वाफेचा एक छान मोठा डाग उमटत होता. डावीकडे मात्र बोटाच्या पेराएवढा धूसर ठिपका, तोही लगेच विरणारा.

आरशांच्या त्या छोट्याशा कारखान्यात नियम होता, की काच धुतली की तिच्यावर नाकानं श्वास सोडून बघायचं. तोंडानं नाही, कारण तोंडानं थुंकी उडते. नाकाच्या वाफेचे दोन डाग पडतात, त्यांना तिथे पाकळ्या म्हणत. दोन्ही पाकळ्या सारख्या उमटल्या आणि कडेकडून मध्याकडे सावकाश विरल्या, की काच स्वच्छ. एखादी फिकी पडली तर त्या जागी तेलाचा हात लागलेला असणार. तिथे चांदी धरत नाही, आणि धरली तरी वर्षभरात आरशाला काळे डाग पडतात. मग काच पुन्हा हौदात.

टिचक्यानं सोळाच्या सोळा काचा तीनदा हौदात घातल्या होत्या. प्रत्येक काचेला बोटानं टिचकी मारून तिचा आवाज ऐकायची सवय त्याला बोलता येण्याआधीपासून होती, म्हणून कारखान्यात त्याचं हेच नाव पडलं होतं. वय चौदा. शाळा सुटली की दप्तर कोपऱ्यात आणि बाह्या वर.

"डाव्या बाजूशी तुझं काही वैर आहे का?" बाबांनी विचारलं.

"धुतल्यात बाबा. तीनदा."

"तीनदा धुवावी लागते म्हणजे एकदाही धुतली नाहीस."

पॉलिशच्या चाकावर बसलेले काका मान वर न करता म्हणाले, "उजव्या हाताच्या माणसाची डावी बाजू कच्चीच राहते. माझी बायकोसुद्धा हेच म्हणते, माझ्या डाव्या कानाला ऐकूच येत नाही."

"काकू डावीकडे बसतात म्हणून," टिचक्या म्हणाला, आणि हसता हसताच बाराव्या काचेवर टपकन रक्ताचा थेंब पडला. मग दुसरा.

घोळणा फुटला होता. यात नवीन काही नव्हतं. आई आतून ओलं फडकं घेऊन आली, नाक चिमटीत धरून त्याला पुढे वाकवून बसवलं आणि म्हणाली, "बापाचा वारसा. इस्टेट देता आली नाही, घोळणा दिला."

"माझाही फुटायचा," बाबा म्हणाले. "सतराव्या वर्षी आपोआप थांबला. काचा बाजूला घ्या आधी."

हे बोलणं त्या घरात इतक्या वेळा झालं होतं, की रक्त प्रत्येक वेळी डाव्याच नाकपुडीतून येतं याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्याचं स्वतःचंही नव्हतं. नाक चोंदलेलं असायचं, पण सर्दी तर सगळ्यांनाच होते. रात्री तो तोंड उघडं टाकून झोपायचा आणि असा घोरायचा, की आई म्हणायची, घरात दोन ट्रक उभे राहतात, एक मोठा आणि एक शिकाऊ.

रक्त थांबल्यावर त्यानं चौथ्यांदा काच धुवायला घेतली, आणि हौदाच्या काठावर आल्यावर थांबला. रागच आला होता. त्यानं काच उलटी केली, वरची बाजू खाली, म्हणजे डावीकडची कड उजवीकडे आली. श्वास सोडला. मोठी पाकळी उजवीकडे. काच फिरली होती, डाग फिरला नव्हता.

त्यानं ती तशीच काकांच्या तोंडासमोर धरली. "काका, श्वास सोडा."

"आता मला तपासणार होय?" म्हणत काकांनी श्वास सोडला. दोन पाकळ्या, दोन्ही भरदार.

खोट काचेत नव्हती.

बाबांना हे सांगितल्यावर ते चांदीच्या पाण्याची बाटली हलवत म्हणाले, "नाक आळीपाळीनं चोंदतं. सगळ्यांचंच. आत्ता उजवं मोकळं, दोन-चार तासांनी डावं. माझ्या बापानंच मला सांगितलं होतं. म्हणून एका श्वासावर काच नापास करायची नाही."

हे टिचक्याला माहीत नव्हतं, आणि फार आवडलंही. खरंच असं होत असेल तर पाहता येईल. पुढच्या आठवड्यात त्यानं सरावाची चौकोनी काच खिशातच ठेवली आणि सकाळी, शाळेतून आल्यावर, झोपताना सगळ्यांच्या नाकाखाली धरली. बाबांचं म्हणणं बरोबर निघालं. सकाळी त्यांची उजवी पाकळी मोठी, संध्याकाळी डावी. आईचंही तसंच. काकांची तर जेवायला बसेपर्यंतच बदलायची. स्वतः टिचक्याची मात्र एकदाही बदलली नाही. त्याच्या डाव्या पाकळीची वेळ कधी येतच नव्हती.

त्यानं हे आईला सांगितलं, कारण बाबा त्या आठवड्यात सलूनवाल्याच्या मागे होते. आईनं काच हातात घेतली, त्याला दोनदा श्वास सोडायला लावला, आणि फक्त एवढंच विचारलं, "रक्त कुठल्या बाजूनं येतं?"

"डाव्या."

"नेहमी?"

तो आठवत बसला. मग म्हणाला, "नेहमी."

गल्लीतल्या डॉक्टरांनी कपाळावर दिवा बांधून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मागे सरकले तेव्हा त्यांनी चिमटा ट्रेमध्ये परत ठेवला होता. "आत काहीतरी लालसर, गुळगुळीत आहे. मी त्याला हात लावणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला लावूही देऊ नका. आधी मोठ्या हॉस्पिटलात जाऊन फोटो काढा."

मोठ्या हॉस्पिटलात नाकाच्या सर्जन होत्या, आखूड केसांच्या, चहा थंड करून पिणाऱ्या. स्कॅन झाल्यावर त्यांनी तिघांना बोलावलं. खुर्च्या दोन होत्या, त्यांवर आईबाबा बसले, आणि सर्जनबाई पडद्याकडे बोट दाखवून बाबांशी बोलू लागल्या.

"मला दिसत नाहीये," टिचक्या मागून म्हणाला.

"अरे, मोठी माणसं बोलतायत."

"माझ्या नाकाबद्दल बोलतायत."

सर्जनबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, पडदा वळवला आणि स्वतःचं स्टूल पायानं त्याच्याकडे ढकललं. मग त्या उभ्यानंच बोलल्या. नाकाच्या अगदी मागच्या बाजूला गाठ होती. कॅन्सर नव्हता. ती रक्तातून जाऊन दुसरीकडे उगवत नाही. पण फट मिळेल तिथे शिरते. ही गालाच्या हाडामागच्या फटीत शिरली होती, आणि तिथून वर गेली तर डोळ्याची खोबण, त्याच्याही पलीकडे मेंदू.

"म्हणजे पाहुण्यासारखी," आई म्हणाली. "माणूस वाईट नाही, पण बॅग थेट आतल्या खोलीत."

"अगदी तसंच."

"केवढी आहे?" टिचक्यानं विचारलं.

"सगळ्यात लांब बाजू साडेचार सेंटिमीटर."

"मुलींना पण होते?"

"जवळजवळ नाहीच. तुझ्या वयाच्या मुलांनाच होते. असं का, ते नीटसं कळलेलं नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही."

"अरे," बाबा म्हणाले.

"नाही माहीत," सर्जनबाई म्हणाल्या, आणि टिचक्याचा त्यांच्यावर विश्वास बसला तो तिथे.

मग रक्ताचा विषय निघाला. बोट कापलं की कापलेली रक्तवाहिनी स्वतःला आवळून घेते, कारण तिच्या भिंतीत स्नायू असतो. या गाठीतल्या रक्तवाहिन्यांना तो नसतो. त्या आवळत नाहीत, नुसत्या वाहत राहतात. म्हणून तपासायला तुकडासुद्धा काढायचा नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मांडीतून बारीक नळी थेट वर न्यायची आणि गाठीला रक्त पुरवणारी वाट आतून बुजवायची. दुसऱ्या दिवशी नाकपुडीतूनच दुर्बीण घालून गाठ काढायची. चेहऱ्यावर टाका नाही. "तरी रक्त जाईल. किती, ते आधी सांगता येत नाही. रक्ताच्या बाटल्या तयार ठेवू."

"आणि नाही काढली तर?" बाबांनी विचारलं.

"काही मुलांची वय वाढल्यावर आकसते. पण त्यावर भरवसा ठेवावा इतक्यांची नाही. आणि याची आकसत नाहीये, वाढतेय."

बाबांनी यातलं पहिलं वाक्य घरी नेलं आणि दुसरं तिथेच ठेवलं.

"कॅन्सर नाही म्हणाल्या ना त्या? मग घाई कसली?" ते रोज म्हणू लागले. परीक्षा होऊ दे. सलूनवाल्याचा माल जाऊ दे. थंडी संपू दे. माझाही थांबलाच होता. कुणी काही विचारलं तर त्यांचा हात आपोआप डाव्या मनगटाकडे जायचा आणि ते घट्ट धरून बसायचे. काकांनी एकदा टिचक्याला हळूच सांगितलं, की तरुणपणी बाबांसोबत काम करणाऱ्या एकावर अख्खी काच कोसळली होती, आणि हॉस्पिटल येईपर्यंत त्याचं कापलेलं, वाहतं मनगट बाबांनीच दाबून धरलं होतं. तो माणूस वाचला. पण नंतर कित्येक दिवस बाबा काच कापायला बसले की उठून बाहेर जायचे.

"म्हणून माझी गाठ आत ठेवायची?" टिचक्या म्हणाला.

"मी म्हणतोय का तसं? मी फक्त कारण सांगितलं."

आई म्हणाली, "ऑपरेशनच्या कागदावर सही मी करते. एकाची पुरते, मी विचारून आलेय."

"नको," टिचक्या म्हणाला. "बाबांनी बघायचं आणि त्यांनीच करायची."

"आणि नाही बघितलं तर?"

"बघायला लावीन."

"बापावर गेलायस," आई म्हणाली. "म्हणून तर भीती वाटते."

मोरीच्या भिंतीवर बाबांचा आरसा होता. त्यांनी स्वतः केलेला पहिला बिनडागी आरसा. रोज सकाळी ते त्यासमोर दाढी करत. टिचक्यानं त्याला नाकाचा शेंडा टेकवला, एक श्वास सोडला आणि पाकळ्या विरायच्या आत मेणाच्या लाल पेन्सिलीनं त्यांच्या कडा आखल्या. उजवी मोठी, डावी एकवीस मिलिमीटर. खाली तारीख.

सकाळी बाबांनी ती पुसली. टिचक्यानं पुन्हा आखली, बाबांनी पुन्हा पुसली. असे बरेच दिवस गेले. घरात बाकी सगळं नेहमीसारखं चालू होतं. बाबा त्याला जेवताना वाढत, तो त्यांना चांदीच्या पाण्याचं माप काढून देई, आणि आरशाचा विषय कुणीच काढत नसे. फक्त मोरीतलं फडकं रोज मेणानं लाल होई आणि आई ते बादलीत टाकताना म्हणे, "दोघांपैकी एकानं तरी फडकी धुवायला शिका."

दरम्यान डावी पाकळी पंधरावर आली. घोळणा आता शाळेतही फुटू लागला. वर्गशिक्षिका म्हणाल्या, खेळाच्या तासाला बसून राहत जा. त्यानं विचारलं, बसल्यावर रक्त येत नाही का, आणि मैदानावर गेला. एकदा इतकं रक्त आलं, की आईनं त्याचा शर्ट धुवायच्या भानगडीतच न पडता फेकून दिला. त्या रात्री बाबा त्याच्या अंथरुणाशी बसून होते. त्याला वाटलं, आता बोलतील. ते उठून गेले. सकाळी आरसा पुसलेला होता.

डावी पाकळी नऊ मिलिमीटर झाली त्या दिवशी टिचक्यानं पेन्सिल घेतली नाही. त्यानं बाबांच्या खणातून काच कापायचा हिरा घेतला. त्या खणाला कुलूप नव्हतं. कधी लागलंच नव्हतं, कारण तो हिरा दुसऱ्या कुणी उचलणं ही गोष्टच तिथे होत नसे. त्यानं नाक टेकवलं, श्वास सोडला आणि कडेवरून हिरा फिरवला. काच किरकिरली. मग पट्टी लावून आधीच्या दोन मापांच्या पाकळ्याही आजूबाजूला कोरल्या, आणि शेजारी उजवी.

सकाळी तो मोरीच्या दाराशी उभा राहिला. बाबांनी अर्ध्या चेहऱ्याला फेस लावला होता. त्यांनी फडकं फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग नख फिरवलं, आणि नख अडकलं.

बिनडागी आरशावर ओरखडा. त्या कारखान्यात यापेक्षा कमी गुन्ह्यासाठी माणसं कामावरून गेली होती.

"हिरा कुणी घेतला?"

"मी."

"विचारलं होतंस?"

"विचारलं असतं तर दिला असतात?"

बाबा वळले नाहीत. आरशातूनच त्याच्याकडे बघत होते. "हा आरसा तुझ्यापेक्षा मोठा आहे वयानं."

"दुसरा करता येईल," टिचक्या म्हणाला. "मी धुईन काच. डावी बाजू पण."

नळ ठिबकत होता. फेस गालावरून मानेकडे ओघळला.

"मला पण भीती वाटते," टिचक्या म्हणाला. "पण पुसून लहान होत नाहीये ती. मी बघतोय रोज. तुम्ही खोट असलेली काच गिऱ्हाइकाला देत नाही, सलूनवाला कितीही बोंबलला तरी. मग माझीच काच तेवढी अशी खपवताय."

बाबांनी डावीकडच्या सगळ्यात मोठ्या रेघेवर बोट ठेवलं. "ही कधीची?"

"सलूनवाल्याचा माल जाऊ दे म्हणालात तेव्हाची."

"ही?"

"शर्ट फेकला त्या आठवड्यातली."

शेवटच्या रेघेबद्दल त्यांनी विचारलं नाही. तिच्यावर त्यांच्या बोटाचं टोक पुरतं मावतही नव्हतं. अर्धी दाढी तशीच ठेवून ते म्हणाले, "पेन कुठंय?"

"माझ्याकडे," आई आतून म्हणाली. "केव्हाचं."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मांडीतून नळी घालताना टिचक्या जागं राहायचं म्हणत होता. त्याला झोपवण्यात आलं, आणि त्याचा राग त्यानं जागा झाल्यावर नर्सवर काढला. दुसऱ्या दिवशी बाबा दाराबाहेरच्या बाकावर बसले, डावं मनगट धरून. आईनं त्यांची बोटं एकेक करून सोडवली आणि स्वतःचा हात त्यात दिला. "दाबा हवं तेवढं. माझा तुटत नाही."

सर्जनबाई बाहेर आल्या तेव्हा बाबांनी मुलगा कसा आहे ते विचारलंच नाही. "किती गेलं?"

"साडेतीनशे मिलिलिटर. बाटली लावावी लागली नाही. मुलगा बरा आहे."

बाबा बाकावर परत बसले आणि चेहरा दोन्ही हातांत घेतला.

नाकात दोन दिवस बोळे होते. ते निघाल्यावर टिचक्या पहिलं वाक्य बोलला ते असं, की मला गाठ बघायची आहे. सर्जनबाईंनी बरणी आणून दाखवली. मधे चिमटलेली, दोन्ही टोकांना फुगलेली, जणू फटीच्या साच्यातून काढलेली.

"तुम्ही साडेचार म्हणाला होतात."

"चार पूर्णांक सात निघाली."

"म्हणजे चुकलात."

"दोन मिलिमीटरनं. ती परत येऊ शकते, हे मात्र चुकीचं सांगत नाहीये. काही वर्षं मधूनमधून स्कॅन करायचे, न कुरकुरता."

"येऊ दे," टिचक्या म्हणाला. "आरसा घरीच आहे."

घरी आल्यावर डाव्या नाकपुडीतून श्वासच येईना. आत सूज होती, खपल्या होत्या, मिठाच्या पाण्यानं सकाळ-संध्याकाळ धुवायचं होतं. आता बाबाच उतावीळ झाले. रोज सकाळी विचारत, "टेकव की जरा नाक." टिचक्या मान हलवी. खपल्या असताना माप घेण्यात अर्थ नाही. काका म्हणाले, "आधी हा मागे लागायचा, आता ते. मला वाटलं, हॉस्पिटलात नाकं बदलून आणली." नवा आरसा करायचं बोलणं मधे एकदोनदा निघालं. मोरीत मात्र जुनाच राहिला, आणि बाबा कोरलेल्या रेघांच्या आजूबाजूनं स्वतःचा गाल शोधत दाढी करू लागले.

शेवटच्या तपासणीत सर्जनबाईंनी उरलेल्या खपल्या काढल्या आणि आत सगळं गुलाबी असल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टिचक्या शाळेतून आला, दप्तर कोपऱ्यात टाकलं आणि कुणाला काही न सांगता मोरीत गेला. बाबा चांदीचं पाणी तसंच सोडून मागोमाग आले. काकांनी चाक थांबवलं. आई दाराच्या चौकटीत उभी राहिली.

त्यानं फडक्यानं आरसा पुसला, नाकाचा शेंडा टेकवला आणि एक श्वास सोडला. मग बाजूला सरकला.

बाबांनी खिशातली पोलादी पट्टी काढली, वाकले, आणि आधी एका पाकळीला लावली, मग दुसरीला. उजवी चौतीस मिलिमीटर. डावी सदतीस.